मेजर प्रभंजनांचे कलकत्त्याचे वाचक

"बाई, यानात स्वयंपाकघर नको, गोळीबार हवा." दहा-बारा वर्षांपूर्वी एका प्रकाशकांनी मला असं सांगितलं आणि मी मुकाट्याने मान डोलावली. तेव्हा रेडिओवर 'मरुत' नावाच्या अंतराळयानाची मालिका लागायची. ती चालली म्हणून या गृहस्थांनी त्याच यानावर खिशात मावतील अशा कादंबऱ्या काढल्या. मुखपृष्ठावर लेखकाचं नाव मेजर प्रभंजन. असा कुणी मेजर या पृथ्वीवर नव्हता. आम्ही तिघं जण आळीपाळीने लिहायचो. एकमेकांना कधी पाहिलं नाही, आणि कुठे बोलणार नाही असं तिघांनीही लिहून दिलं होतं. त्यातली चार पुस्तकं माझी. ती कपाटाच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली आहेत.

म्हणून कलकत्त्याहून कुमुदचं पत्र आलं तेव्हा मला हसूच आलं. कुमुद माझी कॉलेजातली मैत्रीण, नवऱ्याच्या बदलीमुळे दोन वर्षं गार्डन रीचला आहे. तिने लिहिलं होतं, 'आमच्या मराठी मंडळींत आवडत्या लेखकावर बोलायचं ठरलंय आणि निम्मे लोक मेजर प्रभंजन धरून बसलेत. तू ये आणि आम्हाला वळण लाव.' तिला माझं गुपित माहीत नव्हतं. बँकेतले आणि सरकारी नोकरीतले मोठमोठे साहेब त्या रद्दीवर काय बोलतात ते पाहायला, खरं तर त्यांना मनातल्या मनात हसायला, मी नागपूरहून निघाले.

जाणाऱ्यांसाठी सांगते. आरक्षण महिनाभर आधी करा आणि पाण्याचा फिरकीचा तांब्या विसरू नका. माझ्या समोरच्या बाकावरचे एक गृहस्थ संबंध प्रवासभर कलकत्त्याबद्दल शिकवत होते. "खिसा सांभाळा, राजकारण बोलू नका, आणि भाजी मागितलीत तरी आत मासा नाही ना ते बघा." मी विचारलं, किती वर्षं राहिलात? "एकदा गेलो होतो. दोन दिवस. लग्नाला." हावड्याला उतरल्यावर टॅक्सीच्या रांगेत उभं राहा, मीटर पडल्याशिवाय बसू नका. पूल ओलांडायला तासभर लागला तर चिडून उपयोग नाही. आजूबाजूचं कुणीच चिडत नव्हतं.

रविवारी सकाळी कुमुदकडे बारा-पंधरा माणसं जमली. वीज गेलेली, म्हणून सगळे हातपंखे घेऊन बसलेले. शहरात नुकताच टेलिव्हिजन आलाय, त्यावर थोडं बोलून झालं, मग पोहे आले आणि बँकेतल्या पाठकांनी एक वही उघडली.

"हा प्रभंजन एक माणूस नाहीच," पाठक म्हणाले. "विसावं पुस्तक वाचून झालं आणि आम्ही वाटणी करून टाकली. एक बंदूकवाला, एक भूगोलवाला आणि एक स्वयंपाकी."

आम्ही तिघांनी सह्या करून जपलेलं गुपित या लोकांनी पोहे खाता खाता फोडलं होतं. पण पाठकांची आवड काय, तर बंदूकवाला! दर चौथ्या पानावर कुणाचे तरी डोळे आग ओकतात, आणि शत्रू मरताना सव्वा पान भाषण करतो. कुमुदच्या यजमानांचा आवडता भूगोलवाला. हा गुरूचे चंद्र शाळेच्या पुस्तकातून उतरवून काढतो, आणि तेही चुकवतो. चाळिशी ओलांडलेली माणसं या दोघांवरून हमरीतुमरीवर आली होती.

"आणि तो स्वयंपाकी?" मी विचारलं.

"अहो, यानाला वेढा पडलाय आणि याची माणसं कणीक मळतायत!" पाठक म्हणाले. "सगळ्यात रटाळ."

"अगदीच रटाळ," मी म्हणाले, आणि सगळ्यांत मोठ्याने हसले.

"आपला निष्कर्ष चुकीचा आहे, काका. पुन्हा तपासावा." खिडकीपाशी बसलेली एक मुलगी बोलली. "तो स्वयंपाकी नसून स्त्री आहे. भिजवलेली कणीक किती काळात आंबते, हे पुरुष लेखकास ज्ञात नसतं."

ही मंजिरी. बागबाजारला जन्मलेली, तिथल्याच मुलींच्या शाळेत शिकवते. घराणं तीन पिढ्या कलकत्त्यात. तिचं मराठी अर्धं आईकडून आलेलं आणि अर्धं 'मरुत'च्या वीस पुस्तकांतून, त्यामुळे ती साधं बोलली तरी नियंत्रणकक्षातून हुकूम सुटल्यासारखं वाटतं. निघताना मला म्हणाली, "मावशी, उद्या आमच्या घरी प्रस्थान करावं. आईची तशी आज्ञा आहे."

बागबाजारला ट्रामने जा. मागच्या डब्यात पंखा नसतो, पण तिकीट स्वस्त आणि गप्पा जास्त. उतरल्यावर मंजिरीने संदेश घेतले आणि मिठाईवाल्याला सांगितलं, या महाराष्ट्रातून आल्या आहेत. म्हातारा लगेच म्हणाला, "अरे बाबा, बर्गी! दीदी, आप लोगों के वास्ते तो हमारा पुरखा इधर खंदक खोदा था." बर्गी म्हणजे सव्वादोनशे वर्षांपूर्वी बंगाल लुटायला आलेले मराठे घोडेस्वार. तरी त्याने एक संदेश जास्त घातला.

मंजिरीच्या आईला आता दिसत नाही. लेक पुस्तकं वाचून दाखवते. माझा हात हातात घेऊन त्यांनी, बस म्हणण्याच्याही आधी, विचारलं, "तू तिकडची ना? मग सांग, जानकी आली का गं?"

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि खाली बघावंसं वाटलं. जानकी ही यानावरची डॉक्टर. नवव्या पुस्तकात मी तिला एका चंद्रावरच्या ठाण्यात आजाऱ्यांपाशी ठेवलं. 'पुढच्या फेरीला न्यायला येतो,' असं कॅप्टनने सांगितलं आणि यान निघालं. का ठेवलं? काही थोर कारण नव्हतं. प्रकाशकांना शुक्रवारी हस्तलिखित हवं होतं, पानं संपली होती, आणि म्हटलं, पुढच्या पुस्तकात आणू तिला. पुढचं पुस्तक मला मिळालंच नाही. तुमच्या माणसांना फार घर आठवतं, असं कळवलं गेलं. दहाव्या पुस्तकात बंदूकवाल्याने पहिल्याच पानावर भरघोस मिशांचा नवा डॉक्टर आणून बसवला. त्या शहाण्याने नववं उघडूनही पाहिलं नसणार. आणि मी? मीसुद्धा पुन्हा कधी तिची आठवण काढली नव्हती.

"प्रत्येक पुस्तक आलं की आई हाच प्रश्न उपस्थित करते," मंजिरी म्हणाली.

"मी साताऱ्याहून सोळाव्या वर्षी इथे आले," आई सांगू लागल्या. "मामंजी म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात माहेरी नेऊ. मग आजारपणं, मग लढाई, मग मुलं. राहिलंच. माझं जाऊ दे, मी काय, साधी बाई. पण ती डॉक्टर आहे. तिला कसं विसरतील?"

"चौकशी करते मी," मी म्हणाले. "लेखकांची ओळख निघेल कदाचित."

"कर. म्हणावं, मला पासष्टावं लागलंय."

ट्रामच्या थांब्यापर्यंत मंजिरी सोबत आली. गाडी दिसल्यावर म्हणाली, "मावशी, आपण त्या लेखिकेला ओळखता ना?"

"थोडंसं."

"तिला माझा तीव्र निषेध कळवावा." मग मी गाडीत चढताना, "आणि नमस्कारही."

घरी येऊन पंधरा दिवस झाले. कलकत्त्याला थंडीत जा, उन्हाळ्यात नको. दही तिथेच खा, प्रवासात टिकत नाही. संग्रहालयं, देवळं सगळी माहिती छापील पुस्तकांत मिळेल, मी ती पाहिलीच नाहीत. त्या साहेबांना हसायला गेले होते. पण त्या माणसांनी आमची पुस्तकं आमच्यापेक्षा लक्ष देऊन वाचली होती. तिथून मी सोबत आणलं ते एवढंच, की माझ्या आळसापायी एक म्हातारी बाई दहा वर्षं वाट पाहते आहे.

प्रकाशकसाहेब, तुमचं नाव मी इथे घेतलेलं नाही, पण हे तुम्ही वाचाल. मालिका बंद झाली, यानाला आता कुणी विचारत नाही, आणि मी लिहून दिलेला शब्द मोडला, हे तुमचं उत्तर मला पाठ आहे. तुम्ही नाही म्हणणार. तरी मागते. एकविसावं पुस्तक काढा आणि ते मला लिहू द्या. मानधन नको. वर नाव मेजर प्रभंजनांचंच असू द्या. फक्त जानकीला घरी आणू द्या, आणि लवकर.