नावं काढलेली फाइल

ताईला काय आजार होता, ते या पोस्टमध्ये मिळणार नाही.

सकाळपासून फोन चालू आहेत. आधी "फार वाईट झालं" म्हणायचं आणि मग आवाज बारीक करून, "नेमकं काय झालं होतं हो?"

मी फोन ठेवून देतोय. राग आला तर येऊ द्या.

माझी मोठी बहीण, वर्षाताई. आज पहाटे कनेरगावला, तिच्या सासरी वारली. शेवटचे दिवस तिला इकडेच काढायचे होते.

जवळा बाजारच्या शाळेतून निघालेली ही पोरगी कम्प्युटर सायन्समध्ये डॉक्टर झाली, पुण्यात तिची लॅब होती. विषय डेटा प्रायव्हसी. लोकांची माहिती अभ्यासाला वापरता यावी, पण त्यातून माणूस हुडकता येऊ नये, यावर तिने उभी हयात घालवली.

आणि भाऊ कसा, तर हिंगोलीत मोबाइलचं दुकान. माझं गिऱ्हाईक काउंटरवर फोन आपटून सगळ्यांसमोर पासवर्ड सांगतं. सुट्टीत ताई दुकानात बसली की कपाळाला हात लावायची.

एकदा तिने समजावलं, आकड्यांत मुद्दाम थोडी भेसळ करतात. ती किती करायची, हेच तिचं गणित.

"म्हंजे खोटं बोलायचं?"

"गावाचं खरं सांगायचं, माणसाचं झाकायचं."

मला ते तेव्हा पुस्तकी वाटलं होतं.

मागच्या वर्षी एका संस्थेने आपल्याकडच्या गावांत बायकांचे तपासणी कॅम्प घेतले. त्याची फाइल वेबसाइटवर टाकायची होती. ताई सुट्टीवर आलेलीच होती, तर तिला सल्ल्याला बोलावलं. गाडी मी चालवत नेली आणि संस्थेच्या ऑफिसात मागच्या खुर्चीवर बसून राहिलो.

पडद्यावर फाइल उघडली. नावं नाहीत, फोन नंबर नाहीत. वय, माहेरचं गाव, सासरचं गाव आणि शेवटी आजार.

आता आपल्याकडे बाईला नाव विचारतं कोण? कोणत्या गावची, दिली कुठं, एवढं कळलं की ओळख पटते. संस्थेच्या पोरांनीही त्याच सवयीने ते रकाने भरून घेतले होते. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

ताई म्हणत होती, हे दोन रकाने काढा. संस्थेच्या साहेबांना पटेना.

"मॅडम, नावं तर काढलीत की. यातली एक बाई ओळखून दाखवा. नाहीतर आज संध्याकाळी फाइल टाकतो."

ताईची नजर ओळींवरून फिरत होती.

तिला ओळखता येत होतं. मलाही येत होतं. मधल्या एका ओळीतली नरसीची बाई माझ्याच दुकानात रिचार्जला येते. तिच्यापुढचा आजार वाचला आणि मी पडद्यावरून नजर काढली.

एकीला ओळखून दाखवावं तर तिचा संसार मोडणार. न दाखवावं तर सगळ्याच चव्हाट्यावर.

तेवढ्यात माझ्या पुढ्यात बसलेला ऑपरेटर, कनेरगावचाच पोरगा, पडद्याकडे बघून हसला.

"नरसीची, आन् आमच्या गावात दिलेली… अरे, ही तर आपल्या—"

"थांबा," ताई म्हणाली.

ती पडद्याजवळ गेली. खालच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"माहेर जवळा बाजार. सासर कनेरगाव. ही मी आहे."

दिवाळीत जावेला सोबत म्हणून ती कॅम्पला गेली होती आणि स्वतःचीही तपासणी करून घेतली होती. हे मला तिथे कळलं. आजारही तिथेच वाचला, सगळ्या परक्या माणसांत बसून.



"ती दुसरी बाई इथे नाही, तिचं सांगायचा हक्क मला नाही. माझं मी सांगितलं. ते या खोलीतच राहू द्या," ताई म्हणाली.

साहेबांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला. रकाने निघाले. पुढे फाइल ताईच्या गणिताने नव्याने बनली.

गाडीत मी भडकलो. "मला काहून न्हाई सांगितलंस?"

"आईला कसं सांगावं, तेच सुचून न्हाई राहिलं. आईच्या आधी तुला कसं सांगू?"

"आन् आता दुसऱ्याच्या तोंडून कळलं तिला, तर?"

ताईने खिडकीबाहेर बघितलं. "त्याचंच भ्याव वाटून राहिलं."

त्यानंतर कनेरगावचं कोणीही दुकानात आलं की मी आधी त्याचं तोंड न्याहाळायचो. खोलीभर लोकांनी वाचलं होतं. आपल्याकडे गोष्ट एसटीच्या आधी गावात पोचते. आईचा फोन वाजला तरी मी दचकायचो.

तो ऑपरेटर एकदा स्क्रीनगार्ड लावायला आला. ताई बऱ्या आहेत का, एवढंच विचारलं आणि गेला.

आईला शेवटी ताईनेच सांगितलं. स्वतःच्या तोंडाने, तिला जमलं तेव्हा. बाहेरून एक शब्द आला नव्हता.

आज दुपारी स्मशानात तो ऑपरेटर पोरगा मागे उभा होता. शेजारच्या म्हाताऱ्याने त्याला विचारलं, "काय झालं व्हतं रे लेकराला?"

त्याने माझ्याकडे बघितलं.

"मला न्हाई माहीत, काका."

मी तोवर रडलो नव्हतो.

ताई, तुझं झाकलेलं आहे.
जा आता निवांत.