तारखेची एक ओळ

त्या माणसाचं वाईट व्हावं असं मला आजही वाटतं. वय झालं, गुडघे गेले, पण ही इच्छा काही गेली नाही. घरचे म्हणतात, सोडून द्या आता. मी सोडत नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. एकामागून एक दुष्काळ पडत होते आणि आमच्या सहकारी साखर कारखान्यात नुकताच संगणक आला होता. ईट गावच्या भीमनगरातून शिकून आलेला मी त्या खोलीत ऑपरेटर म्हणून लागलो. खोलीत थंडगार हवा असायची. लोक बाहेर चपला काढून आत यायचे आणि यंत्राला हात जोडायचे. मला कोणी जोडले नाहीत, पण मला त्याचं काही नव्हतं. मला यंत्र मिळालं होतं.

ऊसतोडीच्या पाळीचा प्रोग्रॅम मी लिहिला. नियम साधा होता: ज्याची लागण जुनी, म्हणजे ज्यानं ऊस आधी लावला, त्याला तोड आधी. त्या वर्षी सगळं या नियमावरच होतं. विहिरींनी तळ गाठला होता, आणि पाळी महिनाभर लांबली की फडात उभ्या उभ्या उसाची चिपाडं होत होती.

लागणीच्या तारखा कारखान्याच्या शेतकी खात्यातले एक चाचा नोंदवायचे. ते आमच्याच भागातल्या वाशीकडचे. उतारवयातही बांधाबांधानं सायकल ढकलत फिरायचे. शेतकरी तारीख सांगायचे ती अशी: "पोळ्याच्या आदल्या सोमवारी लावला बघा." चाचा पिशवीतून जुनी दिनदर्शिका काढायचे आणि तो सोमवार शोधून वहीत लिहायचे, आधी दिवस, मग महिना. त्यांचा स्वतःचा दीड एकर ऊसही त्याच वहीत होता, बारा जुलैच्या लागणीचा. मी प्रोग्रॅम लिहीत असताना ते रोज दुपारी माझ्याशेजारी स्टूल ओढून बसले आणि अशी एकेक नोंद त्यांनी मला समजावून दिली. कारखान्यात माझ्या ताटाला ताट लावून जेवणारा तेवढा एकच माणूस होता.

प्रोग्रॅम ज्या साधनात, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये, लिहिला होता ते मी पुण्याहून फ्लॉपीवर उतरवून आणलं होतं, आणि त्याचं पुस्तक झेरॉक्स करून. तेव्हा या साधनांमध्ये भलती चढाओढ लागली होती. एका कंपनीनं भाषा काढली. दुसरीनं तीच भाषा, तेच हुकूम घेऊन वेगवान साधन काढलं. मग पहिलीची नवी आवृत्ती, की लगेच दुसरीची. मासिकात जाहिराती यायच्या, कोण किती सेकंदांत किती नोंदी लावतं त्याच्या. मी त्या कापून वहीत चिकटवायचो. माझ्याकडची आवृत्ती मात्र दोन पिढ्या जुनी होती.

आणि मग तो आला. पुण्याचा संगणक सल्लागार, एका संचालकाच्या नात्यातला, दुसऱ्या कंपनीच्या अगदी नव्या आवृत्तीचा डबा काखेत घेऊन. संचालकांच्या बैठकीत दोन यंत्रं शेजारी मांडली. माझा प्रोग्रॅम पाळीची यादी लावायला बसला तो लोकांचा चहा पिऊन झाला तरी उठेना. त्याच्या यंत्रानं बशीत चहा ओतेपर्यंत यादी काढली. टाळ्या पडल्या. हरलो ते हरलो, त्याचं मला एवढं वाटलं नसतं. पण पडद्यावर पाहिलं तर रकाने माझे, मथळे माझे, गावांची क्रमवारी माझी. आदल्या आठवड्यात त्यानं माझी फ्लॉपी "बघायला" म्हणून नेली होती, ती बघून झाली होती. खाली नाव त्याचं.

मी म्हणालो, "हे माझं आहे."

तो हसला. सगळ्यांना अहोजाहो करणारा माणूस, मला म्हणाला, "तुम्हा लोकांना सरकार शिकवतं रे, पण डोकं कुठून देणार? तू टायपिंग कर. तेवढं नीट कर."

संचालक हसले. एक जण तर खोकला येईपर्यंत हसला. त्या दिवशी मी ठरवलं की याला याच खोलीत, याच लोकांसमोर मातीत घालायचं.

संधी दुसऱ्याच दिवशी चालून आली. त्याच्या प्रोग्रॅममध्ये मी वहीतल्या तारखा भरायला लागलो आणि यंत्र ओरडलं. वीस जुलै त्याला मान्य नव्हती. माझ्या लगेच लक्षात आलं. ही साधनं परदेशी. त्यांना महिना आधी वाचायची सवय. आपली पद्धत समजावायला प्रोग्रॅमच्या डोक्यावर एक ओळ लिहावी लागते. माझ्या प्रोग्रॅममध्ये होती. त्यानं सगळं उचललं आणि नेमकी ती ओळ त्याच्याकडून सुटली. एवढा आनंद मला निकालाच्या दिवशीही झाला नव्हता.

मी त्याला पुण्याला फोन लावला. फक्त एवढंच सांगितलं की यंत्र काही तारखा घेत नाही.

"घेत नसेल तर उलटी करून टाक. बाकीच्या तशाच टाक. एवढंही कळत नाही का?"

म्हटलं, जशी आज्ञा. बारा तारखेच्या पुढच्या सगळ्या नोंदी उलट्या करून बरोबर गेल्या. बारापर्यंतच्या तशाच गेल्या, आणि यंत्रानं त्या उलट्या वाचल्या. बारा जुलैची झाली सात डिसेंबर. दोन नोव्हेंबरची झाली अकरा फेब्रुवारी. मी एकेक नोंद मन लावून भरली. चाचांचीही भरली. हात थांबला नाही, हे लिहितो, कारण खरं आहे. मला वाटत होतं, यादी फळ्यावर लागली की दोन दिवसांत बोंब होईल, संचालक याची गचांडी धरतील आणि मग मी पुढे होऊन ती एक ओळ दाखवीन.

यादी लागली. बोंब झाली नाही. बड्या संचालकांच्या लागणी निघाल्या नोव्हेंबरच्या एक-दोन तारखेच्या. त्या थेट त्याच वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत जाऊन बसल्या, नऊ महिने जुन्या ठरल्या आणि त्यांच्या फडात सगळ्यांच्या आधी तोडणीच्या टोळ्या उतरल्या. नव्या प्रोग्रॅमचं जो तो कौतुक करत सुटला.

चाचा आले. स्टूल ओढलं नाही, उभेच राहिले. "बेटा, माझी पाळी लई खाली गेली. तारीख चुकली का रं?"

"यंत्राचं काम आहे, चाचा. माझ्या हातात काही नाही."

"व्हय का," म्हणाले आणि गेले. मी अजून बोंब होण्याची वाट पाहत होतो.

महिना गेल्यावर मी चाचांची तारखांची वही उचलली आणि बैठकीत शिरलो. तो तिथंच होता. वहीची खातरजमा करायला संचालकांनी चाचांना बोलावून घेतलं. मी एकेक तारीख वाचली, यादीशी लावून दाखवली. त्याचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मी अजून जपून ठेवला आहे, खोटं कशाला बोलू.

मग त्यानं सावरून विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

मला सांगायचंच होतं. डोकं कुणाचं चालतं ते त्या सगळ्यांना दाखवायचं होतं. मी ताठ उभा राहून म्हणालो, "दुसऱ्याच दिवशी."

"म्हणजे महिनाभर लपवून ठेवलंस," तो म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चाचांनी बघितलं नाही. त्यांनी टेबलावरची वही मिटली आणि बगलेत धरून ते निघून गेले. पुढच्याच महिन्यात त्या साधनाची आणखी नवी आवृत्ती आली, त्यानं ती ओळ घातली आणि सुधारणा म्हणून मिरवली. माझी बदली पोत्यांच्या गोदामात झाली.

यादी दुरुस्त होऊन चाचांच्या फडाला टोळी लागेपर्यंत उसात काही उरलं नव्हतं. कारखान्यानं घेतला नाही. त्यांनी तो गुरांच्या छावणीला देऊन टाकला. मी गेलो तेव्हा ते गाडी भरत होते. मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तोंडातून त्याचीच गाऱ्हाणी निघाली: फ्लॉपी, टाळ्या, तो काय बोलला.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "त्यानं भर बैठकीत तुझी जात काढली, ते म्या बी इसरलो न्हाय. त्याच्याशी खोटं बोलला असतास तर म्या तुझ्या पाठीशी हुतो. पण तारीख चुकली का म्हणून इचारलं ते म्या हुतं, बेटा."

मग त्यांनी एक मोळी माझ्याकडे सरकवली आणि दुसरी बांधायला घेतली. मी वाकून ती उचलली. उसाची मोळी, पण एका हातानं उचलली गेली.