मापाडीचाचांची ओंजळ

१४ डिसेंबर १९६१ रोजी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी नेरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये द्रव्य अक्षय्यतेचा नियम मोडला गेला. आणि तो मोडू शकेल असा माणूस सबंध वऱ्हाडात एकच होता: आमचे मापाडीचाचा.

माझे वडील त्या जिनिंगचे मॅनेजर. तोलकाट्यावर मात्र राज्य चाचांचे. मोजताना ते 'एक' कधी म्हणत नसत. पहिल्या तोलाला 'बरकत', मग थेट 'दोन'. क्षेमकुशल विचारण्याऐवजी ते माणसाचे वजन जाहीर करीत. "ताप येऊन गेला का बेटी? दोन शेर उतरली तू!" असे ते भर बाजारात ओरडल्यापासून मी बाजाराचा रस्ताच बदलला होता. नव्याने आलेल्या किलोविषयी त्यांचे मत ठाम होते: "नवा जावई हाये. मान देतो, भरोसा नाही."

बी.एस्सी. होऊन मी नागपूरच्या एका प्रयोगशाळेतील जागेसाठी अर्ज केला होता. एका जिनमधून तासाभरात किती कापूस जातो, त्यातून रुई किती आणि सरकी किती निघते, याचे टिपण मुलाखतीत मांडायचे होते. ती जागा त्यावरच अवलंबून होती. यंत्रात चाळीस किलो कापूस गेला. धूळ आणि ओल वजा जाता बाहेर थोडे कमीच यायला हवे. आले चाळीस किलो दोनशे ग्रॅम! मी काटा तपासला, वजने तपासली, उगाच घड्याळही तपासले. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला मी चाचांवर नजर ठेवली. सरकीची टोपली काट्यावर चढण्याआधी ते शेजारच्या ढिगातल्या दोन भरघोस ओंजळी तीत टाकत होते.

"चाचा, हे काय करता?"

"घरच्या लेकीचा तोल हाये. वर ओंजळ नको का?"

"अहो, आत गेलं त्याहून जास्त बाहेर येत नाही!"

"नागपुरात येत नसन. इथं येते."

"अशानं मला नोकरी मिळायची नाही, चाचा."

"म्हंजे परक्यासारखं तोलू तुले?"

"हो."

त्यांनी टाकलेल्या ओंजळी परत ढिगात ओतल्या, हात झटकले, टोपली चढवली आणि आयुष्यात प्रथमच पुकारले, "एक." रुई-सरकी मिळून एकोणचाळीस किलो चारशे ग्रॅम. निर्दोष आकडा. त्यावर मला जागा मिळाली.

निघण्याच्या सकाळी मी पुन्हा काट्यापाशी गेले. "चाचा, तेवढाच कापूस एकदा तोला. घरच्यासारखा."

"बरकत!" आवाज पार फाटकापर्यंत गेला. या वेळी ओंजळी चार पडल्या. मी पाहतच राहिले, तेव्हा म्हणाले, "नागपूर दूर हाये, बेटी."

प्रयोगशाळेत माझे सगळे तोल चोख जुळतात. वर काही टाकणारे तिथे कोणी नाही. नेरच्या कापसाची माझी शेवटची नोंद मात्र अशी आहे: आत चाळीस किलो, बाहेर एक्केचाळीस.