झोळीची दोरी आणि गिटारचं पेडल

मला विजेच्या वस्तूंची लय भीती. मिक्सर लावला तरी माझा एक पाय दाराकडं असतो. आमचे हे हसतात, "चावतो का गं मिक्सर?" त्यांचं बरंय, ते दिवसभर अंबडला कंपनीत मशिनीपाशी उभे असतात. घरी आले की गिटार काढतात. गिटारला वायर, वायरीला तो गिटारचा आवाज बदलणारा काळा प्रोसेसर, त्याच्यावर बारके बारके दिवे. झाडू मारताना मी त्याला लांबून वळसा घालायचे.

तर झालं काय, विहाराच्या वर्धापनदिनाला आमच्या कॉलनीत गाण्यांचा कार्यक्रम ठरला, आणि ऑर्केस्ट्रावाल्यांनी ह्यांना पहिल्यांदाच एक मोठा तुकडा एकट्यानं वाजवायला दिला. नीट वाजला तर कायमचं घेणार, नायतर दुसरा गिटारवाला तयारच होता. आणि तेवढ्यात हे गाडीवरून घसरले. उजवा पाय प्लास्टरमधे.

"हात शाबूत हायेत ना? मग वाजव की," सासूबाई म्हणाल्या.

"आई, त्या तुकड्यात वाह लागतो. तो पायानं चालतो."

प्रोसेसरच्या कडेला एक पेडल असतं. टाच दाबली की गिटार तोंड मिटून बोलते, पुढून दाबलं की आ वासते, आणि पाय खालीवर करत राहिलं की वाह वाह करत रडवेलं गाते. ह्यांनी डावा पाय लावून बघितला, तर बोटं एका गावाला आणि पाय दुसऱ्या. ऑर्केस्ट्रातल्या बाकीच्यांचे हातपाय आपापल्या वाद्यात अडकलेले. मी आपली मेथी निवडत बसलेले, बाळ झोळीत, झोळीची दोरी माझ्या पायाच्या अंगठ्याला. ह्यांची नजर त्या अंगठ्यावर गेली आणि मी पाय साडीखाली ओढला.

"नाय हां! मला शॉक बसंल."

"काही बसत नाही."

"अहो, मी आठवी नापास हाय!"

"मग पेडल काय तुझा पेपर घेणार आहे?"

बसले शिकायला. वाह चालू करायचा तर पेडल पुढून जोरात दाबायचं, खटका वाजला की दिवा लागतो. मी तुटंल म्हणून हळूच दाबायचे, दिवा काय लागायचा नाय. "अगं, पापड नाही तो!" हे ओरडायचे. मग मी झोळीच्या चालीनं हलवायला लागले, तर म्हणाले, "झोपलं गाणं." सासूबाई तिकडून, "सूनबाई, लग्नापासून पहिल्यांदा तो तुझ्या पायाकडं एवढं बघतोय, घे हौस करून."

कार्यक्रमात मी ह्यांच्या मागं खुर्चीवर, डोक्यावर पदर. समोर सगळी कॉलनी. त्यात बाळानं भोकाड पसरलं, सासूबाईंनी मागून आणून माझ्या मांडीवर टाकलं. तेवढ्यात ह्यांचा तुकडा आला. मी डोळे मिटून खटका दाबला, दिवा लागला, पाय चालायला लागला. गिटार काय गात होती! लोक माना डोलवत होते. मांडी हलत होती तसं बाळ पण गप झालं, आणि त्याचा डोळा लागला.

आणि माझा पाय थांबला. मी नाय थांबवला. बाळ झोपलं की तो थांबतोच. पेडल मधेच राहिलं, गिटार सर्दी झाल्यासारखी नाकात बोलायला लागली.

ह्यांनी मान वळवली, "अगं, हलव!"

"हळू बोला ना, आत्ताच झोपलाय!"

गाणाऱ्या बाई शेजारीच माईक धरून उभ्या. सगळ्या कॉलनीनं ऐकलं. हशा पिकला. मला वाटलं, झालं, गेली ह्यांची जागा माझ्यापायी. घाबरून पेडलवर असा पाय आपटला की खटका पडून वाहच बंद! परत आपटला, लागला. ह्यांची बोटं मात्र थांबली नव्हती. हसत हसत वाजवतच होते, आणि आता माझा पाय पडंल तसे वाजवायला लागले. शेवटी टाळ्या झाल्या, त्यानं बाळ उठलं आणि त्याच सुरात रडायला लागलं.

ऑर्केस्ट्राचे म्होरके काका आले तशी मी पडद्यामागं. त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "आता गिटार तुझीच." मग पडद्याकडं बघून म्हणाले, "ताई, तुम्ही पण येत जा. फक्त बाळाला घरून झोपवून आणा."

प्लास्टर कधीच निघालं. तरी घरी वाजवताना हे पेडल माझ्याकडं सरकवतात, म्हणतात पाय दुखतो. दुखत काय नाय, मला माहीत हाय. मी पण दोरी डाव्या अंगठ्याला बांधते आणि उजवा पाय पुढं करते.