बंडीच्या खिशातलं वजन

माझ्या बाबांनी डॉक्टरांना फसवलं. तेही वजनकाट्यावर!

आज त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली, पण माझा हा राग काही जात नाही.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. भाईंदर वेस्टला आमचं किराणा दुकान. "मापात पाप नको" हे बाबांचं कायमचं वाक्य. तागडी गिऱ्हाईकाकडे जराशी झुकल्याशिवाय पुडी बांधायचे नाहीत.

मग पोटाचा कॅन्सर निघाला. भूकच मेली. आईने काहीही करून वाढलं तरी दोन घास, की ताट बाजूला.

डॉक्टर म्हणाले, "हा आजार अंगावरचं मांस खातो. वजन बघत राहू. उतरतच राहिलं तर भुकेची गोळी सुरू करू."

क्लिनिकमधला कंपाउंडर वजन ओरडून सांगायचा. आकडा खाली आला की आई तिथेच, सगळ्या पेशंटसमोर, डोळ्याला पदर लावायची. बाबांना ते बघवायचं नाही.

आणि मग एकदम चमत्कार.
"काका, वेट सेम!"
पुढच्या वेळी परत, "वेट सेम!"

आई खूश. डॉक्टर खूश. गोळी लांबणीवर.

गालफडं बसलेली, बंडी अंगात लोंबतेय, आणि म्हणे वेट सेम!

एकदा डॉक्टरांनी पोट तपासायला आडवं केलं. बंडीच्या आतल्या खिशातून आमच्या दुकानातलं लोखंडी वजन घरंगळलं आणि ठाणकन लादीवर पडलं. दुसऱ्या खिशात त्याचं भावंड.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "अहो शेट, औषध द्यायचं की नाही ते मी ह्या काट्यावरून ठरवतोय!"

बाबा पुटपुटले, "ही रडते हो."

आई भडकली. "माझ्या रडण्यापायी उपाशी राहिलात? धन्य आहे तुमची!"

गोळी सुरू झाली. त्यातही नखरे. ती मुळात बायकांच्या कॅन्सरची, हे कळल्यावर म्हणे, "मी नाही घेणार."
डॉक्टर म्हणाले, "भूक काय बाई-पुरुष बघून लागते?"

आणि खरंच लागली हो. उत्तनच्या कोळणीकडून स्वतः जवळा घेतला. भाकरीबरोबर खाल्ला. बोटं चाटली. आई नुसती बघत बसली होती.

गोळीने आजार बरा होणार नाही, दिवसही वाढणार नाहीत, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. कळतं मला ते.

पण आधीच सुरू केली असती तर जेवणं वाढली असती ना, बाबा!

शेवटच्या वेळी काट्यावर चढताना त्यांनी बंडी काढून आईच्या हातात दिली. कंपाउंडर ओरडला. आकडा खूपच खाली आला होता.

आई रडली नाही. त्यांच्या अंगात बंडी घालत म्हणाली, "चला, घरी जवळा करून ठेवलाय."

रिक्षात बसल्यावरही रडली नाही.

आज श्राद्धाला तुमच्या पानात तोच जवळा वाढलाय. आईने स्वतः केलाय.

बाबा, राग आहेच. आठवणही रोज येते.
या वेळी पोटभर जेवा.
मापात पाप नको.