शिक्का न बसलेली झाडं

इंदापूरच्या पोस्टात मी कारकून होतो, तेव्हा जंगलखात्यातला एक रखवालदार दर बाजाराच्या दिवशी खिडकीशी यायचा. त्याचं पत्र कधीच नसायचं. "मास्तर, झाड आलंय का?" एवढंच विचारायचा. साखर कारखान्यात येणाऱ्या परदेशी पाकिटांवरची झाडांची तिकिटं मी त्याच्यासाठी मागून ठेवायचो. एखादं सरकार स्वतःच्या जंगलाच्या आठवणीला तिकीट काढतं, याचंच त्याला भारी नवल. वहीत तो ती बाभळीच्या डिंकानं चिकटवायचा.

पण पोस्टाचा शिक्का झाडावर बसलेला दिसला, की तिकीट परत सरकवायचा. "ह्ये मारल्यालं झाड हाय. तोडायच्या झाडावर आमी हातोड्यानं असाच शिक्का मारतो. मग ते उभं दिसलं, तरी उभं न्हाय." मला हसू यायचं.

एकदा कुठल्याशा देशानं पिढ्यान्‌पिढ्या राखलेल्या रानाचं मोठं, देखणं तिकीट आलं. शिक्का नेमका खोडावर होता. मी ते टाकून देणार, तोच त्यानं हात पुढं केला.

"द्या. वहीचं पयलं पान मोकळंच ठिवलंय."

त्यानं पिशवीतून वही काढली, डिंकाचा खडा जिभेनं ओला करून पानावर घासला आणि तिकीट चिकटवलं. खाली पेन्सिलीनं सावकाश लिहिलं, 'शेळगावचं रान'.

"शेळगावला कुठलं रान? तिथं तर नुसता माळ आहे," मी म्हणालो.

"व्हय," तो वही मिटत म्हणाला. "हातोडा माझ्याच हातात हुता."