टायटसचे रिकामे हात

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण लिहिता येणारी आणि डोकं अजून ठिकाणावर असलेली मी एकटीच उरले होते. "आल्मेडाबाई, दोन पानं पुरेत," असं वरच्या कचेरीतून कळवलं. दोन पानं! एकशेसात वर्षं, चार पाळक, एक दगडी सभाघर आणि टेकडीवरची थडगी. दिलं बाई लिहून. त्यात एक ओळ आहे: १९५१ साली आयव्हन गेहमन चिठ्ठीने पाळक झाले. त्या ओळीत खोटं काही नाही. पण माझा नवरा टायटस वेंगर त्या ओळीत कुठे दिसत नाही, म्हणून हे वेगळं लिहायला बसले आहे.

टायटस म्हणजे कुणी मोठा माणूस नव्हे. वुल्फ रनच्या खोऱ्यातला बावीस गायींचा धनी. बोलायचा कमी, पण बोलला की गुरांच्या बाजारातसुद्धा लोक गप्प होऊन ऐकायचे. त्याची एक खोड होती. उपासनेत तो गीतपुस्तक कधी हातात धरत नसे. दोन्ही हात गुडघ्यांवर पालथे टाकायचा आणि सगळी गीतं तोंडपाठ म्हणायचा. लोक म्हणायचे, काय भक्ती! मी म्हणायचे, "कसली भक्ती डोंबलाची! का रे, पुस्तकातून विंचू निघतो का?" माझ्या बाकी सगळ्या टोमण्यांना तो हसायचा. याला कधी हसला नाही.

आमच्यात पाळक शिकून होत नाही आणि त्याला पगारही नसतो. मंडळी नावं सुचवते. जितकी नावं, तितकी गीतपुस्तकं टेबलावर उभी करतात. त्यांतल्या एकात चिठ्ठी असते, आणि प्रत्येकाने एकेक पुस्तक उचलायचं. ज्याच्या पुस्तकात ती निघेल, त्याला देवाने निवडलं. मग मरेपर्यंत सुटका नाही. गाई पिळा, शेत नांगरा, वर रविवारी उपदेश करा, आणि लोकांची मर्तिकं नि भांडणं निस्तरा.

त्या साली पाच नावं निघाली. टायटसचं निघणारच होतं. आयव्हनचं ऐकून मात्र कुणीतरी खोकल्याच्या आडून हसलं. आयव्हन आमचा शेजारी, टायटसचा लहानपणापासूनचा दोस्त, आणि बोलताना अडखळायचा. त्याने जेवताना मीठ मागावं आणि मीठ येईतो ताट संपावं, अशी गत. कुणी सुचवला त्याला, देव जाणे.

त्या दिवशी सकाळी टायटस काळा कोट चढवत होता. शेत घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि मला सातवा महिना चालू होता. मी दारात आडवी उभी राहिले. "ऐक," म्हटलं, "तू पाळक झालास तर हा सगळा गाडा मी एकटीने ओढायचा. मला नाही जमायचं. रिकाम्या हाताने परत ये." तो कोटाचे आकडे लावत राहिला.

सभाघरात बायकांच्या बाजूला माझ्याशेजारी आयव्हनची बायको व्हर्ना बसली होती. पाचही जण ओळीने टेबलापाशी गेले. टायटस पहिला, आयव्हन त्याच्या मागे. आम्हाला दिसल्या त्या पाच काळ्या पाठी. टायटसला पुस्तक घ्यायला जरा वेळ लागला, एवढं आठवतं. मग बिशपसाहेब एकेकाचं पुस्तक उघडत गेले. टायटसच्या पुस्तकात काही नव्हतं. व्हर्नाने माझं मनगट धरलं. आयव्हनच्या पुस्तकातून चिठ्ठी निघाली, आणि तिची नखं माझ्या मनगटात अशी रुतली की रक्त आलं. मी रडले. लोकांना वाटलं मैत्रिणीसाठी रडते आहे. छे! मी आनंदाने रडत होते.

पुढची बेचाळीस वर्षं आयव्हन उपदेश करत राहिला. 'कृपा' हा शब्द त्याला कधी सरळ उच्चारता आला नाही. 'क' वर अडकला की सगळी मंडळी मान खाली घालून वाट बघायची, आणि पोरं बाकाखाली चिमटे काढून हसू दाबायची. आधी तरणी जोडपी पलीकडच्या खोऱ्यातल्या मंडळीत जाऊ लागली. मग त्यांचे आईबाप गेले. व्हर्नाच्या थोरल्याला शाळेत बापाची नक्कल करून इतकं छळलं की त्याने सभाघरच सोडलं. १९५१ साली आम्ही चौऱ्याण्णव होतो. शेवटी नऊ उरलो. बाक रिकामा दिसला की टायटसचे हात गुडघ्यांवर आणखी घट्ट व्हायचे. मला वाटायचं, संधिवात.

वर्षातून दोनदा प्रभुभोजनाच्या आधी आम्ही एकमेकांचे पाय धुतो. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे, जोडीजोडीने. मनात कुणाविषयी काही ठेवून त्या पाण्याला हात लावायचा नसतो. टायटस कधी आयव्हनशेजारी बसला नाही. दर वेळी दुसराच कुणी जोडीला गाठायचा. पण माणसं मरत गेली, आणि शेवटच्या हिवाळ्यात म्हातारा वीव्हर गेल्यावर पुरुषांत उरले टायटस नि आयव्हन दोघेच. मे महिन्यातल्या प्रभुभोजनानंतर सभाघराला कुलूप लागणार, असंही ठरलं.

एका दुपारी रिकाम्या गोठ्यात टायटस मला म्हणाला, "त्या दिवशी मी आधी दुसरं पुस्तक उचललं होतं. वरून चिठ्ठीची कड दिसली. ते ठेवलं आणि शेजारचं घेतलं."

मी म्हटलं, "आणि तू ठेवलेलं आयव्हनने..."

"हो."

"माझ्यामुळे?"

"हात माझे होते," तो म्हणाला. "आता त्याच्या पायांना हात लावायचा तर सांगायलाच हवं."

"वेडबिड लागलंय का तुला?" मी ओरडले. "जन्मभर अडखळत देवाचं काम केलं त्याने. आता सत्तरीत सांगणार, की देवाने तुला बोलावलंच नव्हतं? जीव जाईल त्याचा!" टायटस म्हणाला, "आणि न सांगता मेलो तर माझं काय?" त्यानंतर तीन महिने आम्ही घरात कामापुरतं बोललो.

मे महिन्यातला तो रविवार उजाडला. जस्ताचे दोन टब मांडले होते, एक पुरुषांच्या बाजूला, एक आमच्या. मी व्हर्नासमोर गुडघे टेकले आणि तिचा पाय हातात घेतला. तेवढ्याशा माणसांत कुजबुजसुद्धा ऐकू येते.

"आयव्हन," टायटस म्हणाला, "चिठ्ठी माझी होती. मी बघितली आणि परत ठेवली."

पाण्याचा आवाज थांबला.

"म-माहीत आहे," आयव्हन म्हणाला. "मी म-मागेच होतो ना. तू ठेवताना ब-बघितलं."

"मग तेच का घेतलंस?"

"मला ह-हवं होतं." तो बराच वेळ अडकला. "माझ्यासारख्याला कोण प-पाळक करणार? वाटलं, एकदा उभा राहिलो की देव ज-जीभ सोडवेल. नाही सोडवली. च-चोरलेलं होतं ना."

टायटसने डोकं त्याच्या गुडघ्यांवर टेकलं. दोन म्हातारे लहान पोरांसारखे हुंदके देत रडले. मी बघत राहिले, आणि तेवढ्यात व्हर्नाने पाय माझ्या हातातून काढून घेतला.

"आल्मेडा," ती हळूच म्हणाली, "तुला माहीत होतं?"

आमच्यात शपथ घेत नाहीत. कोर्टातसुद्धा नाही. आमचं हो म्हणजे हो आणि नाही म्हणजे नाही, तेवढ्यावर जग आमच्यावर विश्वास ठेवतं.

"नाही," मी म्हणाले.

तिने पाय परत पाण्यात ठेवला. मी तो धुतला, एकेक बोट पुसलं, आणि रीतीप्रमाणे आम्ही एकमेकींच्या गालाला ओठ लावले.

आयव्हन ऑगस्टमध्ये गेला, झोपेत. त्याच्या थडग्यापाशी टायटसने इतक्या वर्षांनी पहिल्यांदा गीतपुस्तक दोन्ही हातांत धरलं आणि त्यात बघून गायला. आता तो रात्री ढाराढूर झोपतो. मी छताकडे बघत पडलेली असते.

व्हर्ना दर बुधवारी जेवायला येते. गेल्या बुधवारी मी तिला ती दोन पानं दाखवली. १९५१च्या ओळीवर तिने बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललं नाही.

"सगळ्यांनी मला अंधारात ठेवलं गं," ती म्हणाली. "टायटसने ठेवलं. माझ्या नवऱ्याने ठेवलं, बेचाळीस वर्षं एका उशीवर निजून. एक तू तेवढी खरी निघालीस." आणि तिने माझं मनगट धरलं. तेच मनगट.

मी म्हटलं, "खा गं, सूप निवतंय."